साथ ओसरली, सवयी कुठल्या उरल्या?

उंबरठा

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात आपण काय काय करत होतो ते आठवून बघा. दार कोपराने ढकलायचं. आलेलं पार्सल दाराबाहेरच ठेवून द्यायचं, उद्या-परवा आत घ्यायचं. लिफ्टचं बटण किल्लीच्या टोकाने दाबायचं. कुणी शिंकलं की सगळ्या माना तिकडे. 'आता जग पूर्वीसारखं राहणार नाही' हे तर येताजाता ऐकू यायचं.

यातलं आज जवळपास काहीच उरलेलं नाही. उरलंय ते भलतंच: आठवड्यातले काही दिवस घरून काम, घरपोच सामान, मोबाइलने पैसे देणं आणि जे एका फोनवर मिटलं असतं त्यासाठीही व्हिडिओ कॉल.

माझं मत असं की भीतीपोटी लागलेली सवय भीतीबरोबरच जाते. टिकते ती, जिच्यात कुणाचा तरी वेळ नाहीतर पैसा वाचतो. आरोग्याशी तिचा काही संबंध नसतो. पटतंय का? तुमच्याकडे काय राहिलं, काय गेलं?

रिकामटेकडा

माझ्याकडे राहिलेली सवय: मीटिंगला वर शर्ट, खाली हाफ पँट. वेळ वाचतो, इस्त्रीही वाचते. सिद्धांत सिद्ध झाला, धागा बंद करायला हरकत नाही.

खिडकीवाली

अर्धंच पटलं. माझ्या घरात बाहेरून आल्यावर हात धुणं राहिलंय आणि त्यात कुणाचा पैसा वाचत नाही, उलट साबण जास्त लागतो.

ताम्रपट

उंबरठा, तुमच्या बाजूचा पुरावा आधी देतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबरमध्ये मास्क सक्तीचा झाला. २१ नोव्हेंबरला दुपारी १२ वाजता भोंगे वाजले, सक्ती उठली आणि लोकांनी मास्क काढून तिथेच रस्त्यावर फेकले. रुग्ण पुन्हा वाढले तशी जानेवारीत सक्ती परत आली, तर या खेपेला चक्क 'मास्कविरोधी लीग' उभी राहिली. सभा झाल्या, भाषणं झाली, व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा निघाला. १ फेब्रुवारी १९१९ ला सक्ती कायमची गेली. शंभर वर्षांनी पात्रं बदलली, संवाद तेच.

आता विरुद्ध बाजूचा. त्याच सुमाराला क्षयाची दहशत होती. न्यूयॉर्क शहराने १८९६ मध्ये सार्वजनिक जागी थुंकण्यावर बंदी आणली. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने रेल्वेतला आणि शाळेतला सगळ्यांसाठीचा एकच पेला बंद केला. त्याआधी अनोळखी माणसाने पाणी पिऊन ठेवलेल्या पेल्याला लगेच आपलं तोंड लावणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आज नुसती कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. म्हणजे सवय भीतीतूनच आली आणि ती भीती गेल्यावरही राहिली.

उंबरठा

@ताम्रपट, माहिती भारी. पण पेला बंद झाला तेव्हा त्याच्या जागी काहीतरी विकायला कुणी तयार असणारच ना?

ताम्रपट

होतेच. लॉरेन्स लुएलेनचा कागदी पेला १९०७ चा. पुढे तो 'हेल्थ कप' या नावाने विकला जायचा, १९१९ मध्ये त्याचा 'डिक्सी कप' झाला. तेव्हा धंदा होता हे मान्य. पण कायद्याने जुना पेला हटवला नसता तर फुकटचा सोडून विकतचा कोण घेतो? नुसता पैसा पुरत नाही, एवढंच म्हणायचंय.

हिशेबनीस

कामाबद्दल बोलतो. घरून काम करायची कल्पना कोविडची नाही. जॅक नाइल्स या अभियंत्याने १९७३ मध्ये ती नीट मांडली होती, कारण होतं रस्त्यावरची गर्दी आणि इंधन. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तंत्र सुधारत गेलं, पण साहेबाला माणूस डोळ्यांसमोर लागतो म्हणून ते अडून राहिलं. साथीने नवीन काही शोधलं नाही. साहेबाचा नाइलाज केला, बस.

निकोलस ब्लूम हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ देशांचा अभ्यास केला होता. घरून काम केल्याने येण्याजाण्याचे दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात. त्यातली साधारण ४० टक्के मिनिटं पुन्हा नोकरीच्याच कामात जातात. तेव्हा 'कुणाचा तरी वेळ वाचतो' या वाक्यातला 'कुणाचा' जरा तपासून घ्या.

रिकामटेकडा

माझी ७२ च्या ७२ मिनिटं झोपेत जातात. सरासरी खाली खेचायला कुणीतरी लागतंच.

गोदामवाला

तुमचा वाद वाचून गंमत वाटली. घरून काम, हायब्रिड, कॅमेरा चालू की बंद. आम्ही काय गोदाम घरी न्यायचं?

त्या काळातही रोज कामावर जात होतो. रस्ते रिकामे, बसमध्ये आमच्यासारखेच चारदोन जण. पहिल्या महिन्यांत लोक टाळ्या वाजवायचे, 'अत्यावश्यक कर्मचारी' म्हणायचे. टाळ्या थांबल्या आणि राहिलं काय, तर हातातलं स्कॅनर. तासाला किती नग उचलले, दोन नगांच्या मध्ये किती वेळ रिकामा गेला, सगळं त्यात दिसतं. स्कॅनर आधीही होतं, पण ऑर्डरी वाढल्या तसा आकडाही वाढवला आणि ऑर्डरी ओसरल्यावर तो खाली आणायची कुणाला आठवण झाली नाही. तुमची घरपोच सामानाची सवय म्हणजे आमची रात्रपाळी आहे. राग नाही, हिशेबात धरा म्हणून सांगतोय.

हिशेबनीस

@गोदामवाला, अगदी बरोबर. २०२० मध्येच डिंगेल आणि नीमन या अर्थतज्ज्ञांनी मोजलं होतं की अमेरिकेत पूर्णपणे घरून होऊ शकतील अशा नोकऱ्या जेमतेम ३७ टक्के. गरीब देशांत त्याहून कमी. आपण 'सगळं जग घरून काम करायला लागलं' म्हणतो तेव्हा त्या जगात बहुतेक माणसं नसतातच.

सावली_दुपारची

माझा अनुभव लिहिते, लांबेल.

घरात दोन लॅपटॉप आणि दार असलेली खोली एक. ती खोली नवऱ्याला मिळाली, कारण त्याचे 'महत्त्वाचे कॉल' असायचे. माझेही असायचे, पण मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ते घ्यायचे. मागे कुकर, पुढे साहेब. मुलाचा ऑनलाइन वर्ग, सासूबाईंची औषधं आणि माझा महिनाअखेरचा अहवाल हे सगळं एकाच ओट्यावर. ऑफिसात असताना मी आठ तास फक्त नोकरी करायचे, हे मला तेव्हा कळलं.

तरीही कुणी म्हणालं की उद्यापासून पाचही दिवस ऑफिसला या, तर मी नोकरी सोडेन. सासूबाईंना आता एकटं ठेवता येत नाही. घरून कामाची सोय नसती तर मला दोन वर्षांपूर्वीच घरी बसावं लागलं असतं. तेव्हा चांगलं की वाईट हे विचारू नका. जाच आहे आणि त्याच्याशिवाय भागतही नाही.

नवऱ्याची खोली हल्ली आम्ही वारावर वाटून घेतलीय. हा बदल साथीने घडवला नाही, मी भांडून घडवला.

मावशी_ऑनलाइन

सावली, शाब्बास! शेवटचं वाक्य माझ्या लेकीला पाठवलं.

चाकांवरून

वरचं सगळं वाचलं. एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

मी व्हीलचेअर वापरतो. शिकत असताना वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. व्याख्यानं घरून ऐकता येतील का म्हणून अर्ज केले. उत्तर ठरलेलं: तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, इतर विद्यार्थ्यांवर अन्याय होईल, शिस्त बिघडेल. मग २०२० चा मार्च आला आणि जे वर्षानुवर्षं अशक्य होतं ते दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांसाठी सुरू झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी संताप आला. अडचण तंत्राची नव्हतीच.

त्या काळात मी जेवढ्या कार्यक्रमांना, चर्चांना, लग्नांना 'हजर' राहिलो तेवढा आधी कधीच नव्हतो. आता पुन्हा 'प्रत्यक्ष भेटीची मजा काही औरच' सुरू झालंय आणि लिंक पाठवणं बंद. उंबरठा, तुमच्या सिद्धांतात हे बसतं का? पडद्यावरून हजर राहण्यात माझा वेळ, पैसा, श्रम सगळंच वाचत होतं. तरी ती सवय गेली, कारण सोय माझी होती आणि ठरवणारे दुसरे होते.

उंबरठा

@चाकांवरून, बसत नाही. पैसा कुणाचा वाचतो यापेक्षा ठरवतो कोण, हा प्रश्न मोठा आहे. यावर विचार करून लिहितो.

अधेमधे

गंभीर चर्चेत व्यत्यय, पण साथीत दुकानांतून टॉयलेट पेपर का गायब झाला होता ते मला आजवर कळलेलं नाही. जगबुडी येणार म्हणून माणसाने पहिल्यांदा साठवावी ती वस्तू ही?

रिकामटेकडा

प्रत्येकाचे प्राधान्यक्रम.

गोदामवाला

यात मी तज्ज्ञ आहे, बोलू द्या.

लोकांनी साठेबाजी केली हे खरं, पण पूर्ण खरं नाही. माणूस दिवसभर ऑफिसात, शाळेत, हॉटेलात असतो तेव्हा तिथला कागद वापरतो. तो वेगळा असतो: भलामोठा रोल, पातळ कागद, वेगळी यंत्रं, वेगळे घाऊक ग्राहक. सगळे घरी बसल्यावर घरगुती कागदाचा खप खरोखरच वाढला. तिकडे ऑफिसचे रोल गोदामात पडून, इकडे दुकानातल्या फळ्या रिकाम्या. कारखाने आधीच दिवसरात्र चालत होते, कारण या धंद्यात नफा कमी आणि खप वर्षभर सारखा. जास्तीचं यंत्र कोण ठेवतो? शिवाय वस्तू हलकी पण जागा फार खाणारी, त्यामुळे दुकानदारही मागे साठा ठेवत नाही. चार गिऱ्हाइकांनी दोन जास्तीची पाकिटं नेली की फळी रिकामी दिसते, आणि रिकामी फळी पाहून पाचवा चार नेतो. वेडेपणा कुणाचाच नव्हता.

गाड्यांच्या चिपचंही तेच. २०२० च्या सुरुवातीला वाहन कंपन्यांनी, आता गाडी कोण घेणार म्हणून, चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिपवाल्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि गेमिंगकडे वळवली. काही महिन्यांनी गाड्यांची मागणी परत आली तेव्हा रांगेत हे शेवटी. २०२१ भर गाड्या एका चिपवाचून अडकून पडल्या होत्या.

अधेमधे

@गोदामवाला, धन्यवाद, वाचनखूण साठवली. तुम्ही स्वतंत्र धागा काढा हो.

खरेदीवरून आठवलं. २००३ च्या सार्सच्या साथीत अलिबाबा या चिनी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला लागण झाली आणि अख्ख्या कंपनीला घरी विलगीकरणात बसावं लागलं. त्याच मे महिन्यात त्यांनी ताओबाओ हा ऑनलाइन बाजार सुरू केला. जेडी या दुसऱ्या चिनी ऑनलाइन कंपनीचे ल्यू च्यांगतोंग तर तोवर दुकानंच चालवत होते. गिऱ्हाईक येईना म्हणून इंटरनेटवर विकायला लागले आणि पुढे ती दुकानं बंदच केली. आणि क्यूआर कोड? १९९४ मध्ये डेन्सो वेव्हने मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढला. बऱ्याच देशांत तो पंचवीसेक वर्षं कोपऱ्यात पडून होता, साथीत एकदम टेबलावर आला.

हिशेबनीस

पैशाबाबत उलटी गंमत झाली. नोटांना हात लावायला लोक घाबरत होते, दुकानातला रोखीचा व्यवहार कमी झाला. पण त्याच २०२० मध्ये चलनात असलेल्या डॉलरच्या आणि युरोच्या नोटा कमी व्हायच्या सोडून भरपूर वाढल्या. रोज हातात नको, पण कपाटात असू दे. म्हणजे भीतीने एकाच वस्तूबद्दल दोन विरुद्ध सवयी लावल्या. यातली कपाटातली कुणी मोडली का, हे कुणी सांगणार नाही.

निवांतपंत

मी या गटातला बहुधा सर्वांत वयस्कर. नातवाने मोबाइलवरून पैसे कसे द्यायचे, सामान कसं मागवायचं ते शिकवलं. आता येतं, सोयीचंही आहे. पण एक सांगतो. पूर्वी दुकानात गेलो की दुकानदार, रांगेतला कुणी, वाटेत भेटलेला कुणी अशी सहा-सात माणसांशी बोलणी व्हायची. त्यात विशेष काही नसायचं. ऊन फार आहे, गुडघा कसा आहे, मुलगा येऊन गेला का. आता दारात पिशवी येते, देणारा माझ्याकडे बघतही नाही कारण त्याला पुढच्या दारी पोचायचं असतं. एखादा दिवस असा जातो की संध्याकाळपर्यंत आवाज फुटलेला नसतो.

तुमच्या हिशेबात वेळ वाचला. मला वेळ वाचवायचाच नव्हता, माझ्याकडे तो हवा तेवढा आहे.

मावशी_ऑनलाइन

काका, अगदी मनातलं. आमच्या भिशीत निम्म्या जणी साथीनंतर परत आल्याच नाहीत. भांडण नाही, काही नाही. एकदा न जायची सवय लागली की तीही सवयच.

खिडकीवाली

निवांतपंत, पण हे उलटही आहे. कितीतरी नाती मी केवळ 'जायला लागतं' म्हणून सांभाळत होते. साथीत ती आपोआप सुटली आणि परत जोडावीशी वाटली नाहीत. माणसं कमी झाली, पण जी आहेत त्यांच्याकडे मी आता मनापासून जाते.

अंत्यसंस्कार मात्र पडद्यावर बघणं मला जमलं नाही. मावसभाऊ गेला तेव्हा लिंक आली होती. बाजूला गप्पांच्या चौकटीत लोक हात जोडलेल्या इमोजी टाकत होते. ती सवय गेली हे उत्तम झालं.

चाकांवरून

@खिडकीवाली, तुमचं दुःख समजू शकतो. मी मात्र माझ्या मित्राचा निरोप तेवढ्या लिंकमुळेच घेऊ शकलो. ती पर्याय म्हणून राहायला हवी होती.

खिडकीवाली

मान्य. माझ्यापुरतं लिहिलं होतं.

अधेमधे

हस्तांदोलनाचं काय? एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ अँथनी फाउची म्हणाले होते की यापुढे आपण कधीच हात मिळवू नयेत.

रिकामटेकडा

हात मिळवणं परत आलं. कोपराला कोपर लावणारा शेवटचा माणूस मी परवा पाहिला, तोही बहुधा मला टाळत होता.

पाचवी_रांग

मी शाळेत शिकवते. एप्रिल २०२० मध्ये जगभरात सुमारे १६० कोटी मुलं शाळेबाहेर होती. अभ्यास बुडाला त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मला वेगळं दिसतं. त्या वेळी पहिली-दुसरीत असलेली मुलं पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा त्यांना बाकावरून उठायला परवानगी लागते हे माहीत नव्हतं, शेजाऱ्याची पट्टी मागून घ्यायची असते हेही. भांडण झालं की ती गप्प होऊन दुसरीकडे बघायची, जणू पडदा बंद केला. हे हळूहळू सुधारलं, मुलं शिकतात. पालकांच्या गटातले रात्री साडेअकराचे संदेश मात्र सुधारले नाहीत. 'मॅडम ऑनलाइन आहेत' हे एकदा कळलं की त्या चोवीस तास ऑनलाइनच.

हिशेबनीस

@पाचवी_रांग, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा फ्रान्समध्ये २०१७ मध्येच लागू झाला होता, साथीच्या आधी. पोर्तुगालने २०२१ मध्ये बंधन थेट मालकावर टाकलं: वेळेबाहेर कर्मचाऱ्याला संपर्क करायचा नाही, अपवाद फक्त आणीबाणीचा. ताम्रपट म्हणतात तेच, नको ती सवय मोडायला कायदा लागतो.

पाचवी_रांग

पालकांना लागू करा आधी.

वातकुक्कुट

उशिरा आलो. इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे माझ्या बाजूने येतो.

कोणत्या सवयी लागल्या आणि त्यातल्या कामाच्या किती, हे बघा. सुरुवातीला सगळा भर पुसण्यावर होता: पार्सल पुसा, टेबल पुसा. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे सांगितलं होतं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर आवाहन केलं की हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने म्हटलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविडची लागण व्हायची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी. तोवर लोकांनी घासूनपुसून घराचा रंग घालवला होता. हात धुणं इतर आजारांसाठी चांगलंच, खिडकीवाली, ते सोडू नका. पण या साथीतली सर्वांत कामाची सवय होती खोलीतली हवा बदलणं. आणि नेमकी तीच लागली नाही. या धाग्यावरही कुणी तिचं नाव काढलं नाही.

कारण सोपं आहे. पुसताना आपण काहीतरी करतोय हे दिसतं. शिळी हवा दिसत नाही.

उंबरठा म्हणतात की टिकलेल्या सवयींचा आरोग्याशी संबंध नसतो. उलट बाजू सांगतो. अंतर, मास्क, बंद शाळा, थांबलेला प्रवास या सगळ्याने २०२०-२१ चा फ्लूचा हंगाम जवळजवळ आलाच नाही. फ्लूचा बी-यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. लसीत त्याच्यासाठी जागा होती, तीही काढून टाकायला सुरुवात झाली. आपल्या तात्पुरत्या सवयींनी एक विषाणू बहुधा जगातूनच घालवला आणि आपल्याला पत्ताही नाही.

उंबरठा

बाप रे, हे माहीत नव्हतं. पण मग खिडकी उघडणं का टिकलं नाही? फुकट आहे की.

वातकुक्कुट

घरात फुकट, मोठ्या इमारतीत नाही. बाहेरची हवा आत घेतली की ती गार किंवा गरम करायला वीज लागते, आणि त्या विजेचं बिल इमारतीचा मालक भरतो. आजारी पडून बुडालेला दिवस भाडेकरू कंपनीच्या नाहीतर कर्मचाऱ्याच्या खात्यात जातो. खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा, म्हणून कुणीच करत नाही. २०२३ मध्ये ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने संसर्गजन्य कणांसाठी खास मानक काढलं, क्रमांक २४१. त्याच वर्षी सीडीसीने तासाला किमान ५ वेळा खोलीतली हवा बदलण्याएवढी सोय असावी असं सुचवलं. दोन्ही ऐच्छिक. वरच्या पेल्याच्या गोष्टीत 'कागदी पेला' तयार होता आणि कायदाही झाला. इथे गाळण्या, पंखे, मापक सगळं तयार आहे, जुना पेला काढून घेणारा कुणी नाही.

खिडकीवाली

बुडालेल्या दिवसावरून सांगते. आमच्याकडे आजारपणाची रजा जवळपास संपलीच आहे. कागदावर आहे, पण ताप आला असं कळवलं की उत्तर येतं: 'काळजी घे, आज घरूनच कर.' पूर्वी ताप असताना ऑफिसात येणारा हिरो असायचा. आता तो कुणाला लागण देत नाही हे चांगलं, पण झोपूनही राहत नाही. ही सवय साथीचीच देणगी आहे आणि तुमच्या सिद्धांतात ती चपखल बसते, कारण वाचतंय ते कंपनीचं.

सावली_दुपारची

+१. आणि मूल आजारी असेल तरी तेच.

उंबरठा

विचार करून लिहितो म्हणालो होतो. चाकांवरून, गोदामवाला आणि वातकुक्कुट यांचं एकत्र वाचल्यावर माझं मत असं बदलतोय: वेळ-पैसा वाचणं पुरत नाही. ज्याचा वाचतो त्याच्याच हातात निर्णय असावा लागतो. घरून काम काही ठिकाणी टिकलं कारण कंपन्यांनाही त्यात लाभ दिसला. ब्लूम यांचाच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एका चिनी प्रवास कंपनीतला प्रयोग आहे, १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं तर कामगिरी घटली नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले. तो आकडा साहेबांच्या भाषेतला होता. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला लिंक पाठवण्याचा असा आकडा कुणी काढलेला नाही.

चाकांवरून

आकडा काढल्यावरच पाठवणार असतील तर कठीण आहे. पण मुद्दा कळला.

गोदामवाला

आमच्यात नोकरी सोडणारे कमी झाले नाहीत. तरी घरून काम द्या असं कुणी म्हणत नाही. पंखे लावा म्हणतो, तेवढं वातकुक्कुटांनी मालकाला सांगावं.

पाचवी_रांग

@वातकुक्कुट, वर्गात पस्तीस मुलं, दोन खिडक्या, एक गंजून बसलेली. मी काय करू शकते ते सांगा.

वातकुक्कुट

आधी गंजलेली खिडकी उघडून घ्या, आणि दोन्ही खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत असतील तर अर्धं काम झालं. एकाच भिंतीत असतील तर वर्गाचं दार उघडं ठेवा. पंखा असेल तर एका खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, तो आतली हवा बाहेर फेकेल. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं सगळं सताड उघडं. जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा छोटा मापक आणा. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. खोलीत १,००० च्या वर जाऊन तिथेच राहिला तर आपण एकमेकांचा श्वास घेतोय असं समजा. मापक मुलांच्या तोंडाजवळ किंवा खिडकीत ठेवू नका, मधल्या भिंतीला, बसलेल्या डोक्यांच्या उंचीवर ठेवा. आकडा वहीत लिहायचं काम एका मुलाला द्या, ती मोठ्यांपेक्षा कडक असतात.

पाचवी_रांग

खिडकीचा अर्ज उद्याच देते. वहीची कल्पना आवडली.

रिकामटेकडा

आमच्या मीटिंगच्या खोलीत ठेवतो एक. १,००० झाले की मीटिंग संपली असा नियम करायचा.

हिशेबनीस

खिडकी उघडतील आणि मीटिंग चालू ठेवतील.